डाव्या कानाचं बटण

माणूस किती खोटारडा आहे हे त्याच्या कानात बघितल्यावर कळतं. तोंडाला लोक पावडर लावतात, कपड्यांना इस्त्री करतात, कानात मात्र जे असेल ते असतं. बारामतीत भिगवण रस्त्याला श्रवणयंत्रांच्या दुकानात मी नऊ वर्षं काम करते. वरच्या मजल्यावर कानाचे डॉक्टर, खाली आम्ही. दिवसाला पंधरा-वीस कान बघते. कुणाच्या कानात काडीचं टोक मोडून बसलेलं, कुणाच्या कानात मागच्या हिवाळ्यातला कापूस. एका सोसायटीच्या चेअरमनच्या कानात ज्वारीचा दाणा निघाला होता. सगळे एकच सांगतात, "मी रोज साफ करतो, मॅडम." रोज साफ करणाऱ्यांचेच कान सगळ्यात वाईट असतात, कारण ते मळ बाहेर काढत नाहीत, आत ठासतात. कान आपला आपण मळ बाहेर ढकलत असतो, त्याच्या कामात आपण लुडबुड करायची नसते. हे मी दिवसभर सांगते. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातला सगळ्यात पालथा घडा म्हणजे माझा सख्खा भाऊ धम्मदीप.

धम्मदीप भीमगीतं गातो, बुद्धगीतं गातो. इंदापूर, बारामती, पार करमाळ्यापर्यंत त्याला बोलावणी असतात. माणूस म्हणून तो मला आवडत नाही, पण आवाजाबद्दल खोटं बोलणार नाही. वरच्या पट्टीत गेला की समोरची म्हातारी माणसं डोळे पुसतात. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या मिक्सरवर बसायचे. मिक्सर म्हणजे आवाजाचा, चटणीचा नव्हे. हे सांगावं लागतं, कारण बाईच्या तोंडी मिक्सर आला की लोक ओट्याकडे बघतात.

दोन वर्षांपूर्वी त्यानं कानात आत बसणारे हेडफोन घेतले. स्टेजवर ढोलकी आणि ऑक्टोपॅड इतके वाजतात की गाणाऱ्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही. मग मिक्सरवरून त्याचाच आवाज वायरीनं त्याच्या कानात सोडायचा. डाव्या कानाचं बटण वेगळं, उजव्याचं वेगळं. मी दोन्ही बटणांशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली होती, याच्या पुढे जायचं नाही म्हणून. आमच्या त्या सामानात आवाजाला लगाम घालणारं दुसरं काही नव्हतं.

हेडफोन आणले त्यानं, सांभाळले मी. त्याची सांभाळायची पद्धत म्हणजे गाणं झालं की कानातून ओढायचे आणि सुपारीच्या पुडीबरोबर खिशात कोंबायचे. मी ते काढून घ्यायचे. रबराच्या टोप्या उतरवून कोमट पाण्यानं धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. हेडफोनच्या तोंडाशी मोहरीएवढी जाळी असते. तिच्यावरून मऊ ब्रश फिरवायचा, तोही हेडफोनचं तोंड खाली करून, नाहीतर मळ बाहेर पडायच्या ऐवजी आत जातो. जाळी खराब झाली तर दुकानातून नवी आणून बसवायची. मग डबीत ठेवायचे. हे सगळं मी त्याला न सांगता करायचे. त्याला वाटायचं, महाग वस्तू आहे, आपोआप चांगली राहते.

आता तेलाचं सांगते. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आमची आई, ताईबाई, चुलीवर तेलात लसूण तळायची. मग धम्मदीपनं तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं आणि तिनं कोमट तेल त्याच्या कानात सोडायचं. आमचे वडील रामभाऊ गायचे तेव्हा त्यांची आई हेच करायची. गाणाऱ्याचा कान कोरडा पडला की सूर फाटतो, असं आमच्या घरात तीन पिढ्या मानतात. तो उजव्या कुशीवर झोपायचा, त्यामुळे डाव्या कानात पळीभर तेल जायचं आणि उजव्याला उरलंसुरलं. आई त्याच्या केसांतून हात फिरवत बसायची. पस्तिशीचा बाप्या, स्वतःला दोन पोरं, आणि आईच्या मांडीवर. मी मिक्सरच्या वायरी गुंडाळत बघायचे. माझ्या कानात तिनं कधी तेल घातलं नाही. तेल घालू नये हे मला पुढं कळलं, पण मांडी तर मिळाली असती. मला त्याचा राग यायचा आणि अजूनही येतो.

जानेवारीत काटेवाडीला एका निवृत्त गुरुजींच्या घरभरणीचा कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्याला धम्मदीप डाव्या कानाला हात लावून खुणा करायला लागला, वाढव, वाढव. मी खुणेपर्यंत वाढवलं. तो आणखी मागत होता. मी मान हलवली. तेव्हा त्यानं गाणं थांबवलं आणि माईकवर म्हणाला, "मंडळी, जरा सांभाळून घ्या. आमच्या मॅडम मशिनवर डुलक्या काढत्यात."

चारशे माणसं हसली. गुरुजी हसले. आमचा ढोलकीवाला, ज्याला मी धाकटा भाऊ मानते, तोही हसला.

कार्यक्रम संपल्यावर मी डाव्या कानाचा हेडफोन बॅटरीच्या उजेडात धरला. जाळी पिवळी झाली होती, त्यावर तेलाचा घट्ट थर होता. तेलात मळ कालवला की तो मेणासारखा बसतो. मी आमच्या सगळ्या गायन पार्टीसमोर तो त्याच्या नाकापुढं धरला.

"हे बघ. मशिन न्हाय बिघडलं. हा तुझ्या कानातला मळ हाय."

तो लाल झाला. "तोंड सांभाळून बोल, अंजे."

"नाचता येईना अंगण वाकडं. कानात आईचं तेल, तेलात मोटारसायकलची चावी घालून ढवळतोस, आणि माझं नाव घेतोस व्हय?"

आई गाडीत बसली होती ती खाली उतरली. "माझ्या तेलाला मळ म्हणतीस? तुझा बा त्याच तेलावर गायला जलमभर."

"बाच्या कानात हेडफोन नव्हता, आई."

"लई शानी झालीस," धम्मदीप म्हणाला. "कानाची मशिनं इकायच्या दुकानात बसतीस तू. डॉक्टर न्हाईस. उद्यापास्नं शिवम बसंल मिक्सरवर. त्याला सांगितलं की करतो तो, वाद न्हाय घालत."

शिवम म्हणजे लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा एक गडी. लग्नात डीजे लावायचा. आवाज म्हणजे जेवढा मोठा तेवढा चांगला, एवढंच त्याचं शिक्षण. त्यानं पहिल्याच दिवशी माझ्या चिकटपट्ट्या उपटून काढल्या. हे मला ढोलकीवाल्यानं सांगितलं.

मीही ठरवलं, आजपासून त्या हेडफोनला हात लावायचा नाही. आणि नाही लावला. कार्यक्रमावरून आल्यावर तो ते दिवाणावर टाकायचा. रबरावर तेल, तेलावर धूळ. मी त्याच दिवाणावर बसून मटारच्या शेंगा सोलायचे. हात लांब केला असता तर पोचला असता. तीन महिने मी तो लांब केला नाही.

तीन महिन्यांत त्याचं सगळं बदललं. टीव्हीचा आवाज वाढला. हाक मारली तर दोनदा "आँ?" म्हणायला लागला. आईनं तेल दुप्पट केलं, सकाळीही घालायला लागली. त्यानं कानात चावी घालायच्या खेपा वाढवल्या. पळसदेवच्या कार्यक्रमाला मी लोकांत बसून ऐकलं. वरच्या पट्टीत तो सुताएवढा खाली लागत होता. लोकांना कळलं नाही, मला कळलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? घरी येऊन मी चांगली दोन भाकऱ्या जास्त जेवले.

एप्रिलमध्ये मात्र तो घाबरला. चौदा तारखेला इंदापुरात जयंतीचा मुख्य कार्यक्रम पहिल्यांदाच त्याच्याकडे होता. आधी आमच्या पार्टीला मुख्य गायक येईपर्यंत लोकांना धरून ठेवायला बोलवायचे. यंदा मुख्य तोच. आणि डाव्या कानानं त्याला आपला सूर सापडेना. गाणाऱ्याचा कान गेला की आवाज असून उपयोग नाही, हे रामभाऊंच्या पोराला सांगायची गरज नव्हती. अकरा तारखेला तो जेवताना म्हणाला, माझ्याकडे न बघता, "आई, तिला इचार, डॉक्टरची येळ कवाची असती."

आई माझ्याकडे वळली. मी ताटातलं वरण ढवळत म्हणाले, "सांग त्याला, तेरा तारखेला सकाळी अकरा."

आम्ही दोघं गावाहून एकाच एसटीनं बारामतीला गेलो. तो पुढच्या सीटवर, मी मागच्या.

डॉक्टरांनी त्याच्या डाव्या कानातून जे काढलं ते मी वाटीत बघितलं. तेलकट काळा बोळा, बोराच्या बीएवढा. आत सूज नव्हती, पडदा शाबूत होता. डॉक्टर म्हणाले, "तेल बंद, काडी-चावी बंद. आणि आवाज बेतानं. इतके दिवस कान बुजलेला होता, आता उघडा आहे." मग त्यांनी ऐकण्याची तपासणी करायला खाली पाठवलं, माझ्याकडे.

तपासणीची आमची खोली लहान आहे, मध्ये काच. तो आत बसला, मी बाहेर. त्याच्या कानात बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. मी अगदी हलका आवाज सोडला. बोट वर. त्याहून हलका सोडला. बोट वर. नऊ वर्षांत मी हजारो कान तपासले असतील, पण असा कान चार-दोनदाच बघितला. डावा आणि उजवा, दोन्ही शंभर नंबरी. मला त्या वेळी खरंच आनंद झाला. काचेपलीकडे तो डोळे मिटून बसला होता, लहानपणी वडिलांसमोर सूर लावायला बसायचा तसा. तेवढा एक क्षण मला त्याचा राग आला नाही.

बाहेर आल्यावर डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी त्याला सहज विचारलं, "अहो, घरात बहीण असताना एवढं कसं होऊ दिलंत?"

तो म्हणाला, "म्हणूनच झालं. घरच्या माणसानं नीट ध्यान दिलं असतं तर ही पाळी आली नसती."

आमचे मालक तिथेच होते. दोन गिऱ्हाइकं होती. मी हातातला तपासणीचा तक्ता त्याच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "झालं. जा."

त्यानं खिशातून हेडफोन काढून काउंटरवर टाकले. "हे बी बघ." 'बघशील का' असं विचारणं नाही. बघ.

मी बघितलं. दुकान रिकामं झाल्यावर भिंगाखाली धरून एक तास त्यांच्यावर घालवला. दोन्ही जाळ्या काढल्या, डावीकडची काढताना पार तुकडे झाले. नळीतला मळ सुईसारख्या वाकड्या तारेनं बाहेर ओढला, तोंड खाली धरून. नव्या जाळ्या, नव्या टोप्या. इतके साफ ते नवे असतानाही नसतील. मला त्याला दाखवायचं होतं, मी डुलक्या काढत होते की नाही ते.

आणि हे करत असतानाच मला ते कळलं. कळलं म्हणजे काय, मला ते ठाऊकच होतं. जाळी बुजलेली, कान बुजलेला, म्हणून शिवमनं डाव्या कानाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं, पळसदेवला मी ते बघितलं होतं. आता जाळी उघडी, कान उघडा. बटण मात्र तिथेच. आमच्या दुकानात यंत्र साफ केलं की पहिलं काम हेच, आवाज शून्यावर आणायचा आणि मग गिऱ्हाइकाला विचारत विचारत वाढवायचा. नव्या मुलींना मीच हे शिकवते.

एक वाक्य होतं. शिवमला म्हणावं, बटण खाली आण. एवढंच.

घरी जाऊन मी डबी आईच्या हातात दिली. "झालं म्हणावं. साफ हायत." आईनं विचारलं, "आणि काय सांगू?" मी म्हणाले, "आणि काय न्हाय."

मला वाटलं, त्याला विचारू दे. त्यानं यावं आणि म्हणावं, अंजे, आता कसं करायचं? किंवा नुसतं, अंजे, ये. मी त्याच्या तोंडून तेवढं ऐकायला बसले होते. सकाळपर्यंत थांबले. चौदा तारखेला दुपारी थांबले. तो पांढरा झब्बा घालून माझ्यासमोरून निघून गेला.

चार वाजता मैदानावर आवाजाची चाचणी होती. ऊन कडक, खुर्च्या अजून रिकाम्या, निळ्या पताका लावणं चाललं होतं. मी गेले. कशाला गेले? सांगायलाच गेले होते, असं मी स्वतःला सांगते. मिक्सर मांडवाच्या डाव्या अंगाला होता. मी शिवमपासून दहा पावलांवर उभी राहिले. डाव्या कानाचं बटण मला तिथून दिसत होतं. पार शेवटाला होतं.

शिवमनं मला बघितलं आणि हसला. "काय ताई, आज तपासायला आलाय का आमाला?"

तो हसला नसता तर मी बोलले असते का? माहीत नाही. शिवमच्या हसण्यावर मी हे ढकलणार नाही. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं आणि मी ते गिळलं. धम्मदीपनं उजव्या कानात हेडफोन घातला, मग डाव्या. मला वाटलं, दचकेल. चारचौघांत दचकेल, शिवमवर ओरडेल आणि त्याला कळेल की चिकटपट्टी कशाला लावली होती. तेवढंच. शिवमनं आवाज सोडला आणि ढोलकीवाल्यानं पूर्ण हातानं थाप मारली.

तो ओरडला नाही. त्यानं डावा हेडफोन हिसडला आणि स्टेजवर खाली बसला. दोन्ही हातांनी कान दाबून, गुडघ्यांत डोकं घालून. मी पळत गेले. "दादा, दादा" म्हणत होते. त्यानं वर बघितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, "शिट्टी वाजतीय. बंद कर." सगळं बंदच होतं.

त्या संध्याकाळी तो उजव्या कानावर गायला. लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढाऱ्यांनी शाल घातली. आई पहिल्या रांगेत बसून रडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषध सुरू केलं. म्हणाले, काही परत येईल, सगळं नाही. महिन्यानं त्याची पुन्हा तपासणी होती. पुन्हा तोच काचेपलीकडे, मीच बाहेर. उजव्या कानाला बोट वर, वर, वर. मग डावा. जाड, खालच्या पट्टीचे आवाज आले, बोट वर गेलं. मग मी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज सोडले. तो डोळे मिटून बसून राहिला. मी वाढवला. बसून राहिला. आणखी वाढवला. ज्या उंचीवर त्याचा सूर लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायचा, तिथं त्याच्या डाव्या कानात काही नव्हतं. तक्त्यावरची रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती. ती मीच काढली, रोजच्यासारखी. सवय असते.

तो बाहेर आला. दुकानात कुणी नव्हतं. तक्ता न बघता माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला, उजवा कान माझ्याकडे करून.

"तुला ठावं हुतं ना?" तो म्हणाला. "बटण खाली आणा, एवढं सांगायचं."

मी खोटं बोलू शकले असते. शिवम होता, डॉक्टर होते, आईचं तेल होतं. "व्हय," मी म्हणाले. "ठावं हुतं."

"मग?"

"तू इचारलं न्हाईस."

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग उठला, खिशातून हेडफोन काढून काउंटरवर ठेवले. या वेळी टाकले नाहीत, ठेवले.

"शिवमला काढलाय मी. रविवारपास्नं तू ये मिक्सरवर."

हेच ऐकायला मी थांबले होते. मी म्हणाले, "दादा, माझ्यावर इश्वास ठेवतोस?"

"न्हाय," तो म्हणाला. "इश्वासाचं काय न्हाय त्यात. शिवमला भ्या वाटत न्हाय. तुला आता जलमभर वाटंल. माझ्या उजव्या कानाला तेवढं पुरं हाय."

आईला त्यानं अजून सांगितलेलं नाही. ती शिवमला शिव्या घालते आणि मी जवळून गेले की माझ्या डोक्यावरून हात फिरवते, म्हणते, माझ्या लेकीनं किती साफ करून दिलं हुतं. तो हात मला सहन होत नाही आणि बाजूला सरकावंसंही वाटत नाही. धम्मदीप समोर बसून बघत असतो.

मी दर कार्यक्रमाला जाते. डाव्या कानाचं बटण शून्यावर असतं, कारण तिथं आता सोडून उपयोग नाही. उजव्याचं बटण मी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत चिमटीत धरून बसते. मध्ये पाणीसुद्धा पीत नाही.